जिवंत माणसाचा कागद

मित्रांनो, द्रेनोवो गावाच्या जुन्या चुनखडीच्या खाणीत कधी उतरलात, तर तळाशी नाक जमिनीत खुपसून बसलेली एक निळी बस दिसेल. काचा फुटलेल्या, पुढचं एक चाक बेपत्ता, छपरावर काटेरी झुडूप उगवलेलं. ती मी. लोक म्हणतात, मी मेले. म्हणू द्या बापडे. कोण मेलं आणि कोण नाही हे ठरवायची आमच्या गावाला भारी घाई असते. त्या घाईपायी काय काय झालं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म इथलाच, बल्गेरियातला. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग असा होता की रस्त्यावरची गुरं थांबून बघायची. मला द्रेनोवो ते तालुक्याचं गाव या रस्त्यावर धाडलं आणि माझी चावी त्सोलो नावाच्या तरुण ड्रायव्हरच्या हातात दिली. उंच, हडकुळा, डोक्यावर कायम टोपी. बोलणं कमी आणि जे बोलेल ते कुरकुरत. पण माझ्यावर जीव! व्हिनेगर आणि वर्तमानपत्राच्या बोळ्यानं माझ्या काचा पुसायचा. कुणी दार धाडकन आपटलं, की ओरडायचा, "दार आहे ते, दुश्मन नाही!"

काय दिवस होते ते! शाळेची पोरं, नवऱ्या मुली, बाजाराला निघालेल्या कोंबड्या, सगळे माझ्यातूनच जायचे. शरद ऋतूत तर लाल मिरच्यांची पोती इतकी, की माणसांना पोत्यांवर बसावं लागे. माझ्यात तिकिटं फाडायला वर्बिना नावाची मुलगी होती, हसरी आणि तोंडाची फटकळ. त्सोलोला ती एकटीच दटावू शकत असे, म्हणून त्यानं तिच्याशीच लग्न केलं. त्यांची मुलगी इस्क्रा दवाखान्यातून घरी आली ती माझ्यातूनच. इंजिनावरचं झाकण उबदार असायचं, त्यावर घोंगडी टाकून वर्बिना तिला निजवायची. माझ्या घरघरीशिवाय त्या पोरीला झोप येत नसे. खोटं कशाला बोलू, मी तिला माझीच पोर समजत होते.

मग कारखाने बंद पडले आणि गाव ओसरू लागलं. जाणारा प्रत्येक जण माझ्यातूनच गेला. हातात बॅग, मागे रडणारी आई, आणि "पोचलो की फोन करतो" हे एकच वाक्य. परत येणारा क्वचित. मी सकाळी भरून जायची आणि संध्याकाळी रिकामी यायची. रिकामी बस जास्त खडखडते, हे तुम्ही कधी ऐकलंय का? आतून पोकळ झालं की असंच होतं.

एक दिवस इस्क्राही बॅग घेऊन चढली. स्पेनला म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायचं काम मिळालं होतं. वाटभर आरशातून त्सोलोची नजर तिच्यावरून हलली नाही. हे मला माहीत, कारण आरसा माझा. शेवटच्या थांब्यावर ती उतरताना म्हणाली, "बाबा, येते मी."

तो समोर बघत म्हणाला, "जातेस तर जा. परत येऊ नकोस."

एवढं बोलला आणि दार लावलं. ती दिसेनाशी झाल्यावर स्टिअरिंगवर कपाळ टेकून हमसून हमसून रडला. मला असा राग आला त्याचा! अरे बाबा, हे रडणं दार लावायच्या आधी नाही का जमलं तुला?

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे माणूस गेला, की त्याचा कागद लागतो. काळी चौकट, वर क्रूस, मधे फोटो, खाली नाव आणि मातीचा दिवस. तो घराच्या फाटकावर लागतो, दुकानाच्या दारावर, झाडांवर, बसथांब्यावर. तो बघूनच लोक मातीला येतात. मग वर्षश्राद्धाला पुन्हा लागतो, दरवर्षी लागतो. आणि लागलेला कागद कुणी काढायचा नाही, फाडायचा तर नाहीच. ऊन-पावसानं काय करायचं ते करावं. माणसानं हात लावला तर पाप लागतं.

वर्बिना गेली तेव्हा तिचाही कागद लागला. पण त्सोलोनं मुलीला कळवलंच नाही. "कोणत्या तोंडानं सांगू?" असं माझ्या स्टिअरिंगला म्हणत बसला. कुणीतरी त्या कागदाचा फोटो काढला, तो या फोनवरून त्या फोनवर फिरत फिरत स्पेनला पोचला, तोवर माती होऊन गेली होती. मग इस्क्राचा फोन आला. माझ्या सीटवर बसूनच त्यानं उचलला, त्यामुळे तिचं ओरडणं मलाही ऐकू आलं.

"आईचा कागद मी फोनवर बघितला, बाबा! एखाद्या परक्या माणसासारखा! तुम्हाला एक फोन करता आला नाही?"

त्यानं फोन माझ्या समोरच्या खणात ठेवला आणि पुन्हा कधी चार्जिंगला लावला नाही. तो त्यातच पडून मेला. बापलेकीचं नातंही त्या खणात तसंच पडून राहिलं.

पुढे माझा रस्ता बंद झाला. प्रवासीच नाहीत तर बस कुणासाठी? मला गावच्या वाचनालयामागे उभं केलं. खाजकुयली खिडकीपर्यंत वाढली, मागच्या सीटवर पेनाच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. पेना म्हणजे गावातल्या एकुलत्या एक दुकानाची मालकीण. बाकी गाव मला विसरलं. त्सोलो मात्र रोज यायचा, सीटवर बसायचा, आरसा पुसायचा. त्या आरशात आता कुणी दिसत नव्हतं, तरी पुसायचा.

आणि अशात एक दिवस सिनेमावाले आले.

यावोर नावाचा दाढीवाला पोरगा होता, दिग्दर्शक म्हणे. त्याला झॉम्बीचा सिनेमा काढायचा होता. झॉम्बी म्हणजे मेलेली माणसं उठतात आणि जिवंतांना चावत सुटतात. त्याला ओसाड गाव हवं होतं. आमच्यासारखं तयार ओसाड गाव कुठं मिळणार? आणि झॉम्बी म्हणून लंगडत चालायला म्हातारी माणसं हवी होती. नायदेन म्हणून गावाचा हरहुन्नरी माणूस आहे. छपरं शाकारतो, कबरी खणतो, तोंडाची टकळी तर कधी थांबत नाही. तो म्हणाला, "आम्हाला शिकवायचं काय त्यात? माझे गुडघे गेली दहा वर्षं झॉम्बीच आहेत."

त्या सिनेमात शेवटी वाचलेली माणसं माझ्यात बसून पळतात आणि मला चालवतो त्सोलो. त्याला दुसरं नाव दिलं तर तो वळूनच बघेना, म्हणून सिनेमातही तो त्सोलोच राहिला. सिनेमा कमी पैशात झाला, पण असा चालला की विचारू नका. शहरातली पोरं माझ्याबरोबर फोटो काढायला यायला लागली. इतक्या वर्षांनी कुणी तरी मला "काय मस्त आहे" म्हणालं. मी लाजले, कोंबड्या उडाल्या.

चाललेल्या सिनेमाचा दुसरा भाग निघतो, हे तुम्ही जाणताच. यावोर दुसऱ्यांदा आला तेव्हा पैसे जास्त होते आणि अक्कल तेवढी नव्हती. त्या गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. पहिल्या भागात मेलेला पोलीस दुसऱ्यात ठणठणीत. नायकाचं जाकीट एका दारातून काळं आत जातं आणि दुसऱ्या दारातून तपकिरी बाहेर पडतं. मळणीयंत्रावर बसून एक पाद्री साखळी फिरवत झॉम्बींची कापणी करतो. का? ते यावोरलाही माहीत नव्हतं. पण मजा येत होती हो! कितीतरी वर्षांनी आमच्या चौकात आरडाओरडा, हसणं, रश्श्याची मोठाली पातेली. पेना कपाळात खोटी कुऱ्हाड रुतलेली तशीच घेऊन दुकानात पाव विकायची.

पण या भागात माझा शेवट होता. मला खाणीच्या कड्यावरून ढकलून, स्फोट करून उडवायचं ठरलं होतं. आणि त्सोलोही यात मेलेला दाखवायचा होता, झॉम्बी होऊन उठण्यासाठी. म्हणून यावोरला त्याचा कागद हवा होता. माझ्या समोरच्या काचेवर, दुकानावर आणि मोठ्या रस्त्याच्या फाट्यावरच्या थांब्यावर लावायला. पळून आलेली माणसं तिथंच तो पहिल्यांदा वाचतात, असा प्रसंग होता.

त्सोलो भडकला. "जिवंत माणसाचा कागद लावायचा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"काका, सिनेमा आहे हो. खोटा कागद."

"कागद खोटा कसा असेल? फोटो माझा, नाव माझं!"

"दुसऱ्या कुणाचा फोटो लावला तर लोक ओळखणार कसे? तुम्ही या सिनेमाचे हिरो आहात काका."

त्सोलो माझ्या पायरीवर बसला. मग टोपी मागे सारून म्हणाला, "लाव. बघू तरी, कोण येतं."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. कोण यावं असं त्याला वाटत होतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

कागद छापले ते अगदी अस्सल. माझ्यात लटकणारा त्याचा टोपीतला जुना फोटो, काळी चौकट, क्रूस. मातीचा दिवस काय लिहायचा, तर सामान सांभाळणाऱ्या शहरी मुलीनं मोठ्या प्रसंगाच्या चित्रीकरणाचा दिवसच लिहून टाकला: शनिवार, दुपारी बारा, द्रेनोवोचं चर्च. फाट्यावरचं काम उरकल्यावर यावोरनं नायदेनला सांगितलं, "तेवढा थांब्यावरचा कागद काढून टाक हं."

नायदेन "हो" म्हणाला, फाट्यावर गेला, आणि कागदासमोर टोपी काढून उभा राहून परत आला. आल्यावर पेनाला सांगत होता, "हात नाही उचलला बाई माझा. खोटा असला म्हणून काय, कागद तो कागद. पाऊस काढेल."

पेना म्हणाली, "बरं केलंस. नसतं पाप कशाला?"

यावोरला हे कुणी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? आमच्याकडचं कुणीही हेच केलं असतं.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावातून त्सोलोचा पलटणीतला दोस्त फुलं आणि मेणबत्त्या घेऊन आला. त्सोलो माझ्याशेजारी लाकडं फोडत होता. दोस्त मटकन खालीच बसला.

"मेल्या! तू मेला नाहीस?"

"जरा उशीर आहे. आलाच आहेस तर बस."

मग दोघं माझ्या पायरीवर बसून घरची आलुबुखाराची दारू प्यायले. मेलेल्याच्या नावानं पहिला घोट जमिनीवर सांडतात आणि 'देव त्याला क्षमा करो' म्हणतात. तो घोटही त्सोलोनं स्वतःच्याच नावानं सांडला आणि म्हणाला, "देव मला क्षमा करो." दोस्त पोट धरून हसला. त्सोलोही हसला, पण मग म्हणाला, "फाट्यापर्यंतची माणसं येतात रे. त्यापलीकडचं कोण येणार?"

आणि शनिवार उजाडला.

चौकात माझ्याभोवती आमच्या आणि शेजारच्या गावातले झॉम्बी. माझ्या आत घाबरलेले नट-नट्या. आदल्या दिवशी ऐन प्रसंगात एका झॉम्बीचा फोन वाजला होता आणि त्यानं तो उचलून "नंतर कर, मी मेलोय" असं सांगितलं होतं. म्हणून यावोरनं सगळ्यांचे फोन एका घमेल्यात गोळा करून माझ्या मागच्या सीटवर ठेवले होते. सकाळपासून त्यातला पेनाचा फोन थरथरत होता. पुन्हा पुन्हा. पण मला हात कुठं आहेत तो उचलायला?

बाराच्या सुमाराला यावोर ओरडला, "चला!" पाद्र्याचं मळणीयंत्र घरघरलं, धूर सोडला, आणि सगळे झॉम्बी हात पुढे करून माझ्याकडे लंगडत निघाले. सगळ्यांच्या पुढे त्सोलो, तोंडाला राखाडी रंग, डोळ्यांखाली काळं, डोक्यावर तीच टोपी.

तेवढ्यात चौकाच्या तोंडाशी टॅक्सी थांबली. टॅक्सीवाल्यानं समोर पाहिलं, छातीवर क्रुसाची खूण केली आणि उतारू उतरते न उतरते तोच गाडी मागे पळवली. उतरलेली बाई काळ्या कपड्यांत होती. हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. केसांत पांढरं आलं होतं, पण चाल मी ओळखली. मित्रांनो, जिला इंजिनाच्या झाकणावर निजवलं, तिची चाल मी विसरेन का?

इस्क्रानं आधी माझ्या काचेवरचा कागद पाहिला आणि जागीच थिजली. मग धुरातून झॉम्बी बाहेर आले. पाठीत कोयता रुतलेला नायदेन तिच्यासमोर येऊन थबकला. "इस्क्रा? अगं, तू कधी आलीस?" ती ओरडलीसुद्धा नाही, त्याला बाजूला ढकलून पुढे झाली. कारण त्याच्या मागे तिला टोपी दिसली होती.

आणि मग तिनं हातातल्या फुलांनी बापाला मारायला सुरुवात केली.

"जिवंत आहात?" फटका. "जिवंत आहात तुम्ही?" फटका. "आईला बघायला मिळालं नाही! तुमचाही कागद फोनवरच बघितला! रात्रभर मी विमानतळावर बसून रडले, सकाळपासून पेनाला फोन लावतेय! आणि तुम्ही... तुम्ही तोंडाला रंग फासून..." पाकळ्या उडत होत्या. त्सोलो हात पुढे करून तसाच उभा होता, झॉम्बीसारखा. मार चुकवत नव्हता. मग ते पुढे केलेले हात हळूहळू तिच्याभोवती मिटले. तिच्या काळ्या कोटाला राखाडी रंग लागला आणि ती त्याच्या खांद्यावर तोंड दाबून ओरडतच राहिली.

चौकात कुणी हललं नाही. कुऱ्हाडी, कोयते, रक्ताचे डाग घेऊन सगळं गाव उभं होतं. पेना एप्रनच्या टोकानं डोळे पुसत होती, कपाळातली कुऱ्हाड निसटून खाली पडली. "थांबा" म्हणायचं यावोरला सुचलं नाही, आणि कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंद केला नाही.

नंतर दोघं माझ्यात येऊन बसली. तो त्याच्या सीटवर, ती इंजिनाच्या झाकणावर. तिनं विचारलं, "मुद्दाम लावलात ना कागद? मी यावं म्हणून?"

"नाही गं पोरी. सिनेमासाठीच लावला." मग आरशाकडे बघत म्हणाला, "पण लावताना मनात आलं होतं. तू येशील का, असं आलं होतं."

"फोन करायचा होता."

"तेच जमत नाही ना मला. चुकलंच माझं. तेव्हाही चुकलं, तुझ्या आईच्या वेळी तर फार चुकलं."

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं मी. काच फुटावी इतकं आत लागलं. इस्क्रा त्याच्या तोंडावरचा रंग रुमालानं पुसायला लागली.

मग त्सोलोनं मोडक्या फुलांकडे बघून विचारलं, "सम आहेत ना?"

"सम आहेत. मेलेल्या माणसाला आणली होती."

आमच्याकडे मेलेल्याला सम फुलं देतात आणि जिवंताला विषम. "मग एक काढ," तो म्हणाला. तिनं एक फूल काढलं आणि माझ्या आरशाजवळच्या आकड्यात अडकवलं. उरलेली, पाकळ्या झडलेली, त्याच्या हातात दिली. त्यानं ती छातीशी धरली.

दुसऱ्या दिवशी यावोर टोपी कुस्करत आला. "काका, बस नको ढकलू या. काहीतरी वेगळं करू."

इस्क्रा लगेच म्हणाली, "हो, राहू दे ना बाबा." पण त्सोलोनं माझ्या पत्र्यावर हात फिरवला. "खाजकुयलीत कुजण्यापेक्षा जाऊ दे तिला थाटात. शेवटची फेरी आहे. तेवढी मी चालवणार." आणि त्यानं मला कड्यापर्यंत चालवत नेलं. इस्क्रा झाकणावर बसली होती. वाटेत त्यानं तिला विचारलं, "घरघर तीच आहे ना गं?" ती "तीच" म्हणाली. कड्यावर उतरून त्यानं दार लावलं. अगदी हळू, आवाजही झाला नाही.

मग मला ढकललं. लागलं, हे खरं. पण स्फोटाची दारू सर्दळलेली निघाली. नुसता फुस्स आवाज झाला आणि मी तळाशी येऊन बसले ती बसलेच. सिनेमात आता कॉम्प्युटरवर काढलेल्या ज्वाळा दिसतात, त्या माझ्यापासून हातभर लांबच जळतात.

इस्क्रा तो हिवाळा थांबली. म्हातारा आणि ती रोज कड्यावर येऊन मला बघून जायची, भांडत भांडत. चुलीत लाकूड कसं घालायचं यावरून भांडण, मिरच्यांच्या चटणीत लसूण किती यावरून भांडण. इतकं गोड भांडण मी दुसरं ऐकलं नाही. मार्चमध्ये आमच्याकडे मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात. तो इस्क्रानं त्याच्या हाताला बांधला, आणि तो हातावर असतानाच त्सोलो गेला. झोपेत, स्वतःच्या घरी, लेक शेजारी असताना.

पुन्हा कागद लागला. तोच टोपीतला फोटो, तेच नाव. पण या वेळी फाट्यावर कुणी थांबेना. लोक कागदाकडे बोट दाखवत आणि हसत पुढे जात. "आला वाटतं तिसरा भाग!" खाणीच्या कड्यावर बसून नायदेन मला हे सांगत होता, आणि त्याच्या तोंडाची टकळी मधेच बंद पडली. तो दोस्तसुद्धा, पलटणीतला, घरी बसून हसत होता. एकदा फसलेला माणूस, त्याला दोष कसा द्यायचा? तेव्हा इस्क्रा फाट्यावर जाऊन त्या कागदाशेजारी उभी राहिली. काळ्या कपड्यांत, थंडीत. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "हा खरा आहे. माझे वडील गेले. हा खरा आहे." तिचा चेहरा बघून लोक टोपी काढायचे. दोस्त तर धावतच आला म्हणे. माती दुपारपर्यंत थांबवली आणि चर्चचं आवार भरलं. मग नायदेननं एक कागद खाली आणून माझ्या दारावर लावला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याची आभारी आहे.

उन्हाळ्यात यावोर सिनेमा घेऊन आला आणि दिवस मावळताच त्यानं तो इथंच, खाणीच्या पांढऱ्या भिंतीवर दाखवला. गाव खुर्च्या घेऊन आलं, शहरातून पोरं आली. मी माझ्या जागेवरूनच पाहिला. गोष्ट अगदीच विस्कटलेली, पण लोक टाळ्या वाजवत होते. मळणीयंत्रावरच्या पाद्र्याला तर शिट्ट्या पडल्या. आणि मग, कुठून कशी देव जाणे, भिंतीवर एक काळ्या कोटातली बाई आली आणि झॉम्बीला फुलांनी बडवायला लागली. गोष्टीत तिचा काही संबंध नाही, ती आधी नाही, नंतर नाही. शहरातली पोरं खो खो हसत सुटली. "ही कोण बया?"

आमच्या गावातलं कुणी हसलं नाही. म्हातारे उठून उभे राहिले, एकेकानं टोपी काढली. ते बघून पोरंही गप्प झाली. भिंतीवर त्सोलो उभा होता, केवढा मोठा, आणि त्याचे हात मिटत होते.

यावोरनं पुढे येऊन इस्क्राला हळूच विचारलं, "तुम्हाला नको असेल तर काढून टाकतो."

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण ती हसत होती. "खुळा आहेस का? परत लाव."

त्यानं परत लावलं. मेलेला माणूस पुन्हा उठला, त्यानं पुन्हा मार खाल्ला, पुन्हा लेकीला मिठी मारली. मग पेना म्हणाली, "अजून एकदा."

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टी शेवटी काही तरी मागतात. रंग लावा, तेल घाला, कचरा टाकू नका. मला यातलं काही नको, कोंबड्यांनी अंडी घातली तरी चालतील. मागणं एवढंच आहे, की ज्याच्याशी अबोला धरलाय, त्याच्याकडे त्याचा कागद लागायच्या आधी जा. भांडायला जा हवं तर, पण जा. मेलेला माणूस फक्त सिनेमात उठतो, आणि तिथंही तो तुम्ही आधी जे केलंत तेवढंच पुन्हा करून दाखवतो. आणि कुणी तुमच्या दारात आलं, तर दार हळू लावा.

माझ्या दारावरचा कागद आता पावसानं फिकट झालाय, फोटोतली टोपी तेवढी ओळखू येते. इस्क्रा दर वर्षी त्याच्या दिवशी येते. कबरीवर सम फुलं ठेवते, आणि एक जास्तीचं घेऊन खाली माझ्याकडे उतरते. आरशाजवळच्या आकड्यात जुनं वाळकं फूल असतं, ते काढते आणि त्या जागी ताजं अडकवते. एकच.